दुधाची साक्ष

उमैमाचं नाव कुणी काढलं की कबशाचं डोकं दुखायचं. आणि बसऱ्यातल्या आमच्या आळीत ते नाव दिवसातून इतक्या वेळा निघायचं, की बिचाऱ्या कबशाला उसंत म्हणून नव्हती. बाळंतीण अडली, बोलवा उमैमाला. नवरा-बायकोत वाजलं, बोलवा उमैमाला. मयताला आंघोळ घालायची आहे, उमैमा आली का बघा. नव्या जन्मलेल्या मुलाच्या जिभेला चावलेला खजूर पहिल्यांदा लावायचा मान तर उमैमाचाच. तिच्या बोटाला बरकत आहे म्हणे. कबशालाही बोटं होती, आणि तिची नखं उमैमापेक्षा स्वच्छ असायची. पण तिला कुणी विचारलं नाही.

आता ही उमैमा एवढं करायची तरी काय? विधवा बाई. नवरा पूर्वेच्या सरहद्दीवर लढाईत गेला, मागे एक मुलगी, जुमाना. दिवसभर अंगणात टकळी घेऊन लोकर कातायची, संध्याकाळी तिच्या बदल्यात पीठ आणायची, भाकऱ्या भाजायची आणि त्यातली मोठी उचलून ज्याच्या घरची चूल पेटली नसेल त्याला नेऊन द्यायची. सोमवारी रोजा, गुरुवारी रोजा. पहाटेच्या अजानच्या कितीतरी आधी उठून नमाजेला उभी. आणि कुणाबद्दल वावगं बोलणं नाही. हे शेवटचं कबशाला सगळ्यांत जास्त खुपायचं. पाणी भरायला गेल्यावर जी बाई कुणाच्या सुनेबद्दल एक अक्षर काढत नाही, तिच्याशी माणसाने बोलायचं तरी काय?

दोघी एकाच साली, एकाच उंटावर बसून यमामाहून बसऱ्यात सासरी आल्या होत्या. उंटाच्या दोन बाजूंना बसायचे दोन कजावे, एकात कबशा, दुसऱ्यात उमैमा. कबशा अंगाने भरलेली, उमैमा काडी. तोल सारखा राहावा म्हणून उंटवाल्याने उमैमाच्या बाजूला दगड ठेवले होते. सगळा काफिला हसला. तेव्हापासून कबशाला वाटायचं की आपल्याला या बाईबरोबर कायमचं तोलत ठेवलंय. फरक एवढाच, की आता पारडं नेहमी तिकडे झुकायचं आणि दगड ठेवूनसुद्धा उपयोग नव्हता.

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका रमजानात तिने नवऱ्याच्या, सुवैदच्या मागे लागून दोन मेंढे कापायला लावले. मोठ्या डेगेत रस्सा केला, त्यात भाकऱ्या कुस्करल्या, वरून तुपाची धार सोडली आणि सगळी आळी जेवायला घातली. लोक ओरपून जेवले. शेजारच्या लुबाबाने हाडातली मज्जा चोखून संपवली, बोटं पुसली आणि सुखाने म्हणाली, "काल उमैमाने रोजा सोडायला एकेकच खजूर दिला, पण काय गोड होता गं बाई! अजून तोंडात चव आहे."

तो खजूर सुवैदच्याच बागेतला होता. जरा किडका निघाला म्हणून कबशानेच आदल्या दिवशी टोपलीभर तिकडे धाडला होता.

मग तिने पहाटेची नमाज धरली. दोन्ही घरांच्या मधे नुसता बोरूचा कूड. उमैमाची प्रार्थना त्यातून कुजबुजीसारखी इकडे यायची, ती आळीतल्या एकेकाचं नाव घेऊन दुवा मागायची. कबशा मुद्दाम मोठ्याने म्हणू लागली, म्हणजे तिकडेही जरा कळावं. काही पहाटा बऱ्या गेल्या. मग एकदा कपाळ चटईला टेकलं ते टेकलंच, आणि कुडातून उमैमाच्या घरी प्रार्थनेऐवजी घोरणं ऐकू गेलं. उमैमा यावर कुणाजवळ एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

हे असंच चाललं असतं, आणि कबशा म्हातारी होऊन डोकेदुखीनेच मेली असती. पण तिच्या मुलाने, शबीबने, लग्न करीन तर उमैमाच्या जुमानाशी, असं बापाजवळ बोलून टाकलं.

सुवैदला आनंद मावेना. त्याने कबशाला विचारलं नाही, सांगितलं. "अगं, उमैमाची मुलगी आपल्या घरात यायला नशीब लागतं!"

"आणि माझा मुलगा मिळायला काही लागत नाही वाटतं?"

"तसं नाही गं. पण घरात जरा बरकत येईल."

"मग इतकी वर्षं घरात काय येत होतं? वारा?"

शबीब दारात उभा होता. एकुलता एक, लांबलचक हातापायांचा, हसरा पोरगा. तो म्हणाला, "आई, बघशील तू. उमैमामावशींच्या घरात गेलं ना की श्वास घेतल्यासारखं वाटतं. आपलंही घर तसं होईल."

"म्हणजे इथे काय, बुडतोस?"

तो हसला. कबशा हसली नाही. उमैमाकडे सगळं होतं, अख्ख्या आळीची जीभ तिच्या कौतुकाला जुंपलेली होती. पण मुलगा नव्हता. ही एकच गोष्ट कबशाकडे होती आणि तिच्याकडे नव्हती. आता तोही तिकडे चालला होता, आणि तेही श्वास घ्यायला.

बोलणी उमैमाच्या अंगणात ठरली. एका बाजूला सुवैद, उमैमाचा दीर आणि आळीतले जाणते. पडद्याच्या अलीकडे बायका. मधे खजुराची परात आणि दुधाचे कटोरे. जुमाना आत लपली होती आणि तिच्या मैत्रिणी दबक्या आवाजात तिला चिडवत होत्या. सगळं सुरळीत पार पडत होतं. कबशाही ओठ आवळून का होईना, बसली होती. तेवढ्यात उमैमाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, "कबशा, आता मलाही मुलगा झाला गं."

तिने ते प्रेमानेच म्हटलं होतं. पण कबशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे लग्न होता येणार नाही," ती म्हणाली.

"काय झालं?" लुबाबाने विचारलं. पडद्यापलीकडची माणसंही इकडे कान देऊ लागली.

"जुमाना माझी दुधाची मुलगी आहे. मी पाजलंय तिला."

आमच्यात या एका वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. जिचं दूध प्यालं ती आई, तिची मुलं ती सख्खी भावंडं, आणि भावंडांचं लग्न होत नाही. याला दुसरा साक्षीदारही लागत नाही. बाईने कुणाच्या मुलाला पदराखाली घेतलं हे बाईलाच ठाऊक असणार, म्हणून तिचा एकटीचा शब्द पुरतो. पैगंबरांच्या काळात तर एका बाईच्या एवढ्याच बोलण्यावरून झालेलं लग्न मोडलं होतं. म्हणून आमच्या बायका कुणाचं मूल पाजलं की लगेच चार घरी सांगून ठेवतात.

"कधी?" उमैमाने विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"साथीच्या वर्षी. तू तापात पडली होतीस. तुझी म्हातारी दाई बरका हिला घेऊन माझ्याकडे यायची. पोटभर पाजलंय मी. रोज."

बरका त्याच साथीत गेली होती. उमैमाला त्या दिवसांतलं काही आठवत नव्हतं, तापातून उठली तेव्हा मूल जिवंत होतं एवढंच तिला ठाऊक. मग हळूच म्हणाली, "आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"केलेलं काय बोलून दाखवायचं?" कबशा म्हणाली.

हे वाक्य थेट उमैमाच्या तोंडी शोभावं असं होतं. कबशालासुद्धा त्याचं नवल वाटलं. बायकांच्या तोंडून एकदम "सुभानअल्लाह" निघालं, आणि उमैमाने वाकून सगळ्यांदेखत कबशाच्या हातांचं चुंबन घेतलं. पलीकडे शबीब उठून बाहेर गेला. त्याच्या पावलांचा आवाज कबशाने ऐकला, पण तिचे हात तेव्हा उमैमाच्या ओठांना लागलेले होते.

खरं काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं आणि अल्लाहला.

साथीच्या वर्षी कबशालाही तान्ही मुलगी होती, हुनैदा. जुमानापेक्षा थोड्याच दिवसांनी मोठी. एका सकाळी ती गेली, आणि ऊन चढायच्या आत पुरून आले. दुपारी कबशाच्या छातीला दूध दाटलं, दगडासारखं. तेव्हाच बरका दाराशी आली. "बाई, आमची उमैमा शुद्धीत नाही. शुद्ध हरपता हरपता एवढंच म्हणाली, कबशाकडे ने. लेकरू भुकेनं निळं पडलंय." कबशाने दार उघडलं नाही. कुडापलीकडे जुमाना रडत होती. माझी गेली आणि हिची राहणार, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. ती कुडाला पाठ लावून बसली, आपल्या हाताने दूध पिळून जमिनीवर सोडलं, आणि ते मातीत जिरेपर्यंत बघत राहिली. पुढे बरकाने कुठूनशी शेळी आणली आणि मूल जगवलं.

म्हणजे तिने नुसतं खोटं सांगितलं नव्हतं. जे करायला नाही म्हणाली होती, नेमकं तेच केल्याचं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुमाना आली. डोळे रडून सुजलेले. दारात घुटमळली, मग धावत येऊन कबशाच्या गळ्यात पडली. "आई म्हणाली, रडू नकोस, तुला एक आई होती, आता दोन झाल्या. मी तुम्हाला काय म्हणू?"

"म्हण काय म्हणायचं ते," कबशा पुटपुटली.

"आईच म्हणते."

त्यानंतर ती रोज यायला लागली. उमैमाने आपल्या हाताने कातलेली सगळ्यांत मऊ लोकर कबशाकडे पाठवली. जुमाना तिच्या केसांना तेल लावायची, चटया झटकायची, सातू कालवून द्यायची आणि सतत बडबडायची. शबीब आता दुधाचा भाऊ, म्हणून त्याच्यापुढे ओढणी घ्यायचंही कारण उरलं नव्हतं. पण ती ओढणी काढून अंगणात आली, की शबीब चपला पायात सरकवून बागेकडे निघून जायचा. घरात जेवणं त्याने जवळजवळ सोडलंच. विचारलं तर म्हणायचा, भूक नाही.

आणि आळी? आळीने कबशाला डोक्यावर घेतलं. मुलगी पुरली त्याच दिवसांत दुसरीचं मूल पाजलं, आणि इतकी वर्षं तोंडातून ब्र नाही! पाण्यावर तिला पुढे जागा मिळू लागली. सुवैद तिच्याशी बोलताना आवाज खाली आणू लागला, आजवर तो फक्त उमैमाशी बोलताना आणायचा. पहाटे कुडातून उमैमाची प्रार्थना यायची. त्यात आता कबशाचं नाव सगळ्यांत आधी असायचं. "या अल्लाह, जिने माझं लेकरू जगवलं त्या कबशाला दुनियेत आणि त्यानंतरही सुख दे." सुरुवातीला कबशाने ते कान टवकारून ऐकलं, आणि तिला गोडही वाटलं. खोटं कशाला बोला. मग तिला ते ऐकवेना. ती डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायची. पण बोरूचं तोंड कुठे बंद करता येतं?

एक दिवस लुबाबाच्या मुलीला मुलगी झाली. बायका उमैमाच्या दारावरून पुढे गेल्या आणि कबशाच्या दारात थांबल्या.

"शबीबच्या आई, चला," लुबाबा म्हणाली. "पहिला खजूर तुम्ही लावायचा. उमैमाच म्हणाली, कबशाला न्या, तिच्या हातात माझ्यापेक्षा जास्त बरकत आहे."

याच क्षणासाठी कबशा सगळा जन्म थांबली होती. तिने धुतलेली ओढणी घेतली, डोळ्यांत सुरमा घातला आणि ताठ मानेने गेली. खोलीत ऊद जळत होता. तिने खजूर चावून मऊ केला, बोटावर घेतला आणि बाळाच्या तोंडाशी नेला.

बाळाने बोट धरलं. भुकेलेलं होतं, आईला अजून दूध उतरलं नव्हतं. हिरड्यांनी बोट गच्च दाबलं आणि जिवाच्या आकांताने ओढू लागलं. बोटातून काही येईना तसं ते रडायला लागलं. तेच रडणं. कबशाने ते कुडाला पाठ लावून ऐकलं होतं, आणि एका दिवसात संपलं नव्हतं ते.

"किती ओढतेय बघा," बायका हसल्या. "ओळखलं बरं हिने, दूधवाली माता कोण ते!"

कबशाने बोट काढून घेतलं आणि कुणाला काही न सांगता तशीच बाहेर पडली.

उमैमा अंगणात कातत बसली होती. कबशा तिच्यापुढे उभी राहिली आणि बसायच्या आधीच सगळं बोलून गेली. तू धाडलेल्या बरकाला दार उघडलं नाही हे. दूध मातीत सोडलं हे. लग्न ठरवायच्या दिवशी खोटं बोलले हे. उमैमाची टकळी थांबली. धागा तुटून मांडीवर पडला.

मग म्हणाली, "त्याच सकाळी तुझ्या पोरीला पुरलं होतं ना?"

"हो."

"तेव्हा मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर बरकाला तुझ्याकडे धाडलं नसतं. चूक माझी झाली, कबशा."

झालं. एवढं ऐकलं आणि कबशाचा बांध फुटला. "बस कर गं! माझं पापसुद्धा माझ्याजवळ राहू देणार नाहीस का तू? तेही उचलून तुझ्या पुण्यात घालणार? माझ्यामुळे तुझी पोर भुकेनं निळी पडली होती. माझ्यामुळे तिचं लग्न मोडलं. एकदा तरी माणसासारखं वाग. शिवी दे मला!"

उमैमाने मान वर केली. कबशाने इतक्या वर्षांत तिचे डोळे असे पाहिले नव्हते.

"द्यायची आहे," उमैमा म्हणाली. "जिभेवर आहे. पण ती दिली की तुला हलकं वाटेल. आज मला तुला हलकं करायचं नाही." तिने तुटलेला धागा उचलला. "मला काय सांगतेस? जिथे बोललीस तिथे जाऊन बोल. काझीपुढे बोल. माझ्या पोरीचा आणि तुझ्या पोराचा जन्म आहे तो."

कबशा गेली. सुवैदला घेऊन मशिदीच्या ओसरीत काझीपुढे उभी राहिली, आणि अर्धी आळी गोळा झालेली असताना तिने पुन्हा सगळं सांगितलं. जुमाना ओढणीच्या टोकाने तोंड झाकून आईच्या मागे उभी होती. शबीब खांबाला टेकून ऐकत होता, आणि कित्येक दिवसांनी त्याने आईकडे सरळ बघितलं.

कबशाचं बोलून झालं. मग लुबाबा हुंदका देऊन म्हणाली, "अल्लाह, काय बाईचं काळीज! पोरांचं लग्न व्हावं म्हणून स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतेय!"

"नाही गं, खरंच सांगते," कबशा ओरडली.

"आधीही लपवलं होतंत, आताही लपवताय. आम्ही ओळखतो तुम्हाला, शबीबच्या आई."

बायका डोळे पुसू लागल्या. कबशा एकेकीचा हात धरून सांगत होती, आणि जितकं सांगावं तितक्या त्या जास्त रडत होत्या. दुधाबद्दल धडधडीत खोटं कुणी बाई बोलेल, हे त्यांच्या मनालाच शिवत नव्हतं. पोरासाठी खोटं बोलणारी आई मात्र त्यांना लगेच समजत होती.

काझी म्हातारा होता, आणि भित्रा म्हणण्याइतका सावध. त्याने दाढी कुरवाळत विचार केला. "बाईने आधी एक सांगितलं, आता दुसरं सांगते. पहिलं खरं असेल आणि मी लग्न लावलं, तर भाऊ-बहिणीचं लग्न लावल्याचं पाप माझ्या मानेवर. म्हणून लग्न नको. आणि दुसरं खरं असेल, तर तो तिचा भाऊ नव्हे, परका पुरुष. म्हणून मुलीने त्याच्यापुढे ओढणी घ्यावी आणि त्याने तिच्या घरात जाऊ नये. संशयाच्या वाटेला न गेलेलं बरं."

म्हणजे बायकोही नाही आणि बहीणही नाही. कबशा काझीच्या पाया पडायला गेली, सुवैदने तिला दंडाला धरून मागे ओढलं. उमैमा एकटी पुढे झाली. "मी हिच्या दुसऱ्या बोलण्यावर विश्वास ठेवते," ती म्हणाली. "ही खरं बोलतेय." पण सगळ्यांना ठाऊक होतं की उमैमा कुणालाच खोटं म्हणत नाही, त्यामुळे तिच्या बोलण्याला त्या दिवशी काही वजन उरलं नाही. जुमानाने ओढणी चेहऱ्यावर खाली ओढली आणि आईच्या मागोमाग निघून गेली. कबशाकडे तिने बघितलं नाही.

शबीबने पूर्वेकडे निघालेल्या लष्करात नाव घातलं. निघायच्या दिवशी कबशाने त्याच्या थैलीत सातूचं पीठ भरलं, खजूर भरले, तुपाची बुधली ठेवली. तो उंटाचा पट्टा आवळत होता.

"शबीब, तू तरी माझ्यावर विश्वास ठेव. मी नव्हतं पाजलं तिला."

"ठेवतो ना," तो म्हणाला. "म्हणूनच चाललोय. सगळी आळी तुला थोर म्हणते, आई. तेवढं फक्त मला म्हणता येणार नाही." त्याने वाकून तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि उंट उठवला.

आळीचं मात्र ठरून गेलं होतं. बायका अजूनही तान्ही मुलं घेऊन कबशाच्या दारात येत. ती नको म्हणायची, उमैमाकडे न्या म्हणायची, एकदा तर चिडून लुबाबाच्या अंगावर पाणी फेकलं. "किती नम्र," लुबाबा ओली ओढणी पिळत म्हणाली.

उमैमा समोर आली तर सलाम करायची, त्यापलीकडे नाही. जुमाना दिसायचीच नाही. रोज पहाटे कबशा कुडाला कान लावून बसायला लागली. उमैमा नेहमीसारखी एकेकाचं नाव घ्यायची. लुबाबासाठी, तिच्या नातीसाठी, सुवैदसाठी, वाटेवर असलेल्या शबीबसाठी, मेलेल्या बरकासाठी. सगळ्यांची नावं संपायची, आमीन व्हायचं, आणि कबशाचं नाव आलेलं नसायचं. ज्या नावाने तिला पांघरुणाखाली तोंड लपवावं लागलं होतं, त्या नावासाठी आता तिचा जीव तुटत होता. भाकरी देताना उमैमा कधी कुणाला वगळत नव्हती. तिने वगळलं ते एकट्या कबशाला. तुला हलकं करायचं नाही म्हणाली होती, ते तिने खरं केलं.

कुडातून येणारा वारा गार झाला तरी कबशा रोज बसतच होती. अशाच एका पहाटे सगळी नावं घेऊन झाल्यावर पलीकडे आमीन आलं नाही. उमैमा थांबली होती.

"या अल्लाह," उमैमा अगदी हळू म्हणाली, "आणि हुनैदाच्या आईला माफ कर."

आळीत सगळे तिला शबीबची आई म्हणायचे. हुनैदाची आई असं तिला कुणी कधीच म्हटलं नव्हतं. सुवैदने नाही, तिच्या स्वतःच्या आईनेही नाही. त्या मुलीचं नाव पुरल्या दिवसापासून कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. कबशाने कुडाला दोन्ही हात लावले, त्याच जागी जिथे तिने दूध मातीत सोडलं होतं, आणि तोंडात ओढणी कोंबून ती रडली, शबीबसाठी, जुमानासाठी आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आपल्या त्या पोरीसाठी. आणि रडता रडताच तिच्या मनात आलं, की हेसुद्धा हिलाच सुचलं.